कोर्टीकरांची बरणी

गोपाळराव कोर्टीकरांच्या टेबलाला तीन ड्रॉवर होते आणि मधल्याला सगळं कॉलेज 'बरणी' म्हणायचं. वरच्यात शिक्के, खालच्यात जेवणाचा डबा, आणि बरणीत विद्यार्थ्यांचे विषय बदलाचे अर्ज. पोरं एकमेकांना विचारायची, "काय रे, झाला का तुझा विषय बदलून?" आणि उत्तर यायचं, "नाही, मुरतोय अजून."

गोपाळराव आमच्या कॉलेजात बत्तीस वर्षं लिपिक होते. वरिष्ठ लिपिक म्हणायचं खरं तर, पण त्यांना कुणी वरिष्ठ म्हटलं की ते मागं वळून बघायचे, कोण आलं म्हणून. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते. ते म्हणायचे, "प्रवेश आटोपले की करू." सोलापुरातल्या कॉलेजात प्रवेश कधी आटोपतात का? एक आटोपला की पुढचा दारात उभा.

बरणीचा नियम साधा होता. विषय बदलायचा अर्ज आला की गोपाळराव तो वाचायचे, चष्म्यावरून पोराकडं बघायचे आणि म्हणायचे, "आठ दिवसांनी ये. तोवर हा इथं राहू दे." आवक रजिस्टरात नोंद नाही, क्रमांक नाही, काही नाही. आठ दिवसांत मन बदललं तर अर्ज परत घ्यायचा, कुठं खूण उरायची नाही. नाही बदललं तर नवव्या दिवशी क्रमांक टाकून पुढं. कितीतरी पोरं खरंच परत घ्यायची. एखाद्या चाचणीत नापास झालं, एखादे मास्तर वर्गात टाकून बोलले, की रागाच्या भरात अर्ज करणारी पोरं असतात. राग आठ दिवस टिकत नाही.

हे त्यांनी मनानं काढलेलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी अक्कलकोटकडच्या ईश्वरप्पा नावाच्या पोरानं विज्ञान सोडून कला शाखेचा अर्ज दिला होता. गोपाळराव नवे, उत्साही. त्याच दिवशी अर्ज विद्यापीठात पोचवून आले. तिसऱ्या दिवशी तो पोरगा रडत आला, अर्ज परत द्या म्हणाला. तो काही परत मिळाला नाही आणि पोरगाही पुन्हा कॉलेजात दिसला नाही. "एका दिवसाची घाई केली मी," हे गोपाळराव मला एकदाच म्हणाले, चहा निम्मा ठेवून. मग उठून गेले.

आता मी कोण, ते सांगते. मी निवेदिता. गोपाळरावांच्या शेजारच्या टेबलावरची कंत्राटी कारकून. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस खंड, परत अकरा महिने. विद्यापीठाचं पोर्टल आलं तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं, कारण संगणकाला न घाबरणारी ऑफिसात मी एकटीच होते. त्याचा मला माज होता. होता म्हणजे होताच, कशाला खोटं बोलू? आयुष्यात एकदा जे खोटं बोलले ते पुरे आहे, आणि हे सगळं त्याबद्दलच आहे.

त्या वर्षी जुलैत एका पोराचा विषय बदलाचा अर्ज मी बरणीत न टाकता थेट पोर्टलवर चढवला. पाच मिनिटांत काम. चौथ्या दिवशी तो पोरगा आईला घेऊन आला, परत करा म्हणाला. पोर्टल परत करत नाही. गोपाळराव सगळ्या ऑफिससमोर, त्या पोराच्या आईसमोर मला म्हणाले, "निवेदिताबाई, यंत्राला घाई असते. आपल्याला कशाला?"

बोलले ते हळूच, पण मला ते कानफटात मारल्यासारखं लागलं. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. चहाला बोलावलं तरी नाही म्हणायचं, फाइल हवी असली तर शिपाई सिद्धारामच्या हातून मागवायची. ते दोनदा समजूत काढायला आले. मी मान वर केली नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तसा माझा स्वभाव, त्यात ती कंत्राटाची रोजची टांगती तलवार.

त्याच दिवसांत एका बुधवारी सृष्टी आली.

सृष्टी माढ्याकडच्या एका गावची, जोतीराम नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. वेणी घट्ट, बोलणं नेमकं, आणि हातात कायम एक छोटी वही. रोज सकाळी वर्गात जाण्याआधी ती सूचना फलकापाशी थांबायची आणि जी नवी सूचना असेल ती वहीत उतरवून घ्यायची. मी तिला चिडवायचे, "अगं, प्राचार्यसुद्धा इतकं वाचत नाहीत." ती हसायची आणि लिहीत राहायची. तिला रसायनशास्त्र सोडून संख्याशास्त्र हवं होतं. रसायन मामानं भरून दिलं होतं. संख्याशास्त्राच्या मॅडम मात्र तिच्या वहीवर "छान" एवढंच लिहून थांबायच्या नाहीत, पुढचं गणितही लिहून द्यायच्या.

"सर, माजं मन बदलणार न्हाय," ती गोपाळरावांना म्हणाली. "आजच घाला की."

"नाही बदलणार हे मलाही दिसतंय," गोपाळराव म्हणाले. "पण सगळ्यांना एकच नियम. परिपत्रकात पंधरा दिवस आहेत. पुढच्या गुरुवारी घालू."

अर्ज बरणीत गेला.

दोन दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, विद्यापीठाचं शुद्धिपत्रक ईमेलवर आलं. विषय बदलाची मुदत पंधरा दिवसांची नाही, येत्या मंगळवारी संध्याकाळी पाचला संपेल. ईमेल मीच उघडायची. मी ते वाचलं, छापलं, खाली सही करून त्या दिवशीची तारीख टाकली, आणि कागद हातात घेऊन गोपाळरावांकडं बघितलं. ते एक अर्ज डोळ्याजवळ धरून वाचत होते. बरणीत सृष्टीचा अर्ज आहे, हे मला माहीत होतं. सांगायला दोन पावलं चालायची होती.

मी कागद माझ्या फाइलीत ठेवला.

का ठेवला, ते मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. एक तर वाटलं, म्हाताऱ्याची बरणी एकदा नासू दे, मग कळेल यंत्राची घाई. दुसरं म्हणजे आमच्या ऑफिसचा जुना समज. विद्यापीठाची पहिली तारीख कुणी तारीख मानतच नाही. मुदतवाढ येते म्हणजे येतेच. परीक्षेच्या अर्जाला तीन वेळा, शिष्यवृत्तीला चार वेळा. मंगळवार गेला तरी बुधवारी मुदतवाढीचं पत्र येणार, तोवर गोपाळरावांना जरा घाम फुटणार, आणि मग मी ऐटीत अर्ज चढवून देणार. असे मनातले मांडे. शनिवार गेला, सोमवार गेला, मंगळवारचे पाच वाजले. मुदतवाढ आली नाही. बुधवारी सकाळी मला भीती वाटली. तेव्हा गोपाळरावांच्या टेबलामागच्या खिळ्यावरची फलकाची किल्ली मी काढली आणि तो शुक्रवारच्या तारखेचा कागद काचेआड लावला.

गुरुवारी गोपाळरावांनी बरणीतून अर्ज काढला, रजिस्टरात क्रमांक टाकला आणि स्वतः माझ्या टेबलाशी आले. "हा तेवढा चढवा, बाई. आणि राग सोडा आता."

"पोर्टल बंद झालंय," मी म्हणाले. "शुद्धिपत्रक आलंय. फलकावर लावलंय."

ते बाहेर गेले. फलकाच्या काचेला नाक लावून त्यांनी तो कागद वाचला, एकदा, दोनदा. परत आले आणि खुर्चीत बसण्याआधी भिंतीवरच्या खिळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. किल्ली बुधवारी सकाळपर्यंत त्यांच्या पाठीमागं लटकत होती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सृष्टीला त्यांनी बोलावून सांगितलं, "माझ्यामुळं उशीर झाला, बाळ. मुदतवाढ मिळेल. तू संख्याशास्त्राच्याच वर्गात बस." ती बसली. मॅडमनी हजेरीपटाच्या तळाला तिचं नाव पेन्सिलीनं लिहिलं. पोर्टलवर मात्र ती रसायनशास्त्राचीच राहिली, आणि तिथं तिची हजेरी शून्य.

मुदतवाढ मिळाली नाही. गोपाळराव सिटी बस धरून विद्यापीठात जायचे, संध्याकाळी घामाघूम होऊन परत यायचे. किती वेळा गेले, मी मोजायचं सोडून दिलं. सृष्टी रोज दारातून डोकावायची. ते मान हलवायचे, ती निघून जायची. मी संगणकात तोंड खुपसून बसायचे.

नोव्हेंबरात सत्र नामंजूर झालेल्यांची यादी आली. त्यात सृष्टीचं नाव होतं. आदल्या सत्रात आईच्या शस्त्रक्रियेपायी ती महिनाभर बार्शीच्या दवाखान्यात होती, तेव्हाही हजेरी कमी पडली होती. नियम असा की लागोपाठ दोन सत्रं हजेरी अपुरी, तर विद्यार्थ्याची नोंदणी त्या शैक्षणिक वर्षापुरती स्थगित. नोंदणी स्थगित म्हणजे वर्ग बंद, परीक्षा बंद, आणि वसतिगृहाची खोली तीन दिवसांत रिकामी.

नियमांच्या पुस्तकात एक फट होती. चूक कॉलेजची असेल तर तीस दिवसांत तसं लेखी कळवायचं, मग समिती स्थगिती उठवू शकते. गोपाळरावांनी त्याच दिवशी प्राचार्यांसमोर लेखी कबुली ठेवली : अर्ज बुधवारी आला होता, मी तो नोंद न करता आठ दिवस ठेवून घेतला, चूक माझी. मी शेजारी फाइल घेऊन उभी होते.

प्राचार्य म्हणाले, "कोर्टीकर, अर्ज आधी आल्याचा पुरावा काय? आवक क्रमांक गुरुवारचा आहे. आणि सूचना शुक्रवारी फलकावर लागली होती, हा बघा फोटो, खाली निवेदिताबाईंची सही आणि तारीख. चार दिवस सूचना डोळ्यांसमोर असताना मुलगी गप्प का बसली? सूचनाच उशिरा लागली असती तर गोष्ट वेगळी होती. मग मीच कॉलेजची चूक म्हणून लिहून दिलं असतं."

मी फाइल छातीशी धरून उभी राहिले. माझी ऑर्डर डिसेंबरात संपत होती. घरात नवऱ्याचं काम सुटलेलं, मुलगी चौथीत. एवढं सगळं मला त्या एका क्षणात आठवलं. सृष्टीचं काही आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी जोतीराम पोरीची पेटी न्यायला आले. उंच, वाळकेसे, हातात टोपी. सृष्टी मागं उभी, वही छातीशी. ऑफिसात येऊन त्यांनी गोपाळरावांना नमस्कार केला आणि म्हणाले, "सायेब, मला शिक्षणातलं काय कळत न्हाय. साल गेलं तर जाऊ द्या, फुडच्या साली बसंल ती. पर मला एक सांगा. प्राचार्य म्हणत्यात, कागूद शुक्रवारीच लावला हुता. पोरगी म्हणती, शनवारी न्हवता, सोमवारी न्हवता, मंगळवारीबी न्हवता. म्या कुणाचं खरं धरू?"

"आप्पा, म्या रोज बघते की," सृष्टी म्हणाली. तिनं वही उघडली. "ह्ये बघा, शनिवारी शिष्यवृत्तीचा कागद हुता, सोमवारी ग्रंथालयाचा. त्यो कागद बुधवारी आला."

"ती वही तुजीच की गं," जोतीराम म्हणाले. ते तुसडेपणानं बोलले नाहीत, फार दमलेल्या माणसासारखे बोलले. मग माझ्याकडं वळले. "बाई, कागूद तुमी लावला म्हणत्यात. कंच्या दिवशी लावला?"

ऑफिसात पंखा फिरत होता. गोपाळराव माझ्याकडं बघत होते, एका धड डोळ्यानं आणि एका धूसर. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला मी उलट बोलले असते. सृष्टीही बघत होती आणि तिला खात्री होती की मी खरं सांगणार. मीच तर तिला चिडवायचे ना, रोज वाचतेस म्हणून.

"शुक्रवारी," मी म्हणाले.

जोतीरामांनी मान हलवली. पोरीकडं वळून एवढंच म्हणाले, "बघ." सृष्टी रडली नाही. तिनं वही मिटली. तिनं गोपाळरावांकडं बघितलं, ते काही बोलतील म्हणून. ते उठून उभे राहिले होते, ते परत खुर्चीत बसले. बापलेक पेटी घेऊन गेले.

माझी ऑर्डर डिसेंबरात पुन्हा निघाली.

पुढच्या जूनमध्ये सृष्टी आली नाही. तिच्या गावच्या अंकितानं सांगितलं, जोतीरामकाका म्हणतात साल गेल्याचं काही नाही, पण पोरगी तोंडावर खोटं बोलली, आता शहरात ठेवायची नाही. ती आता कुर्डुवाडीत एका कापड दुकानात जाते, घरात बाप तिच्याशी कामापुरतं बोलतो.

त्याच्या आधी मे महिन्यात गोपाळराव निवृत्त झाले. शाल, नारळ, प्राचार्यांचं भाषण, सगळं रीतसर. भाषणात बरणीचा विनोदही झाला आणि लोक हसले. गोपाळराव हसले नाहीत. सृष्टीच्या त्या प्रकरणानंतर त्यांनी बरणीत पोरांचा एकही नवा अर्ज ठेवला नव्हता. पोरगं दारात दिसलं की ते अर्ज घेऊन अक्षरशः पळत माझ्या टेबलाशी यायचे, "बाई, आत्ता, आत्ता चढवा." त्यांची ती पळापळ बघवायची नाही. माझ्याशी ते पहिल्यासारखंच बोलायचे, चहा विचारायचे. मीही प्यायचे.

चार्ज त्यांनी मला दिला. यादी त्यांच्या वळणदार अक्षरात : शिक्के सात, रजिस्टरं बारा, फलकाची किल्ली एक. शेवटी लिहिलं होतं, "मधला ड्रॉवर : प्रलंबित अर्ज दोन." किल्ली माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "दोन आहेत. सवडीनं बघून घ्या," आणि डबा पिशवीत टाकून निघून गेले.

पहिला अर्ज सृष्टीचा होता. तो असणार, हे मला वाटलंच होतं.

दुसरा गोपाळरावांनी लिहिलेला होता, पण माझ्या नावानं. "मा. प्राचार्य यांस. विषय : सूचना फलकावर उशिरा लावल्याबाबत. मी, खाली सही करणारी, असे नमूद करते की, शुक्रवारी प्राप्त झालेले शुद्धिपत्रक माझ्याकडून बुधवारी फलकावर लागले. सबब कु. सृष्टी हिचा यात काही दोष नाही." पुढं एक ओळ होती : "सदर कर्मचारी कंत्राटी असून तिच्यावर कारवाई करू नये, ही विनंती. त्याची जबाबदारी मी घेतो. गो. कोर्टीकर." त्यांची सही झालेली. माझ्या सहीची जागा मोकळी. दिनांकापुढं महिना लिहिलेला, नोव्हेंबर. दिवसाची जागा मोकळी.

तेव्हा मला कळलं. त्यांनी हा कागद त्या तीस दिवसांतच लिहून ठेवला होता आणि रोज वाट बघितली होती, मी आपण होऊन येते का याची. सगळ्यांना आठ दिवस देणाऱ्या माणसानं मला तीस दिले. मी शेजारच्या टेबलावर बसून त्यांच्याबरोबर चहा प्यायले.

ते कळल्यावर तरी मी लगेच सही केली असेल, असं वाटेल कुणाला. नाही केली. कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला. दहा महिने ठेवला. पुढच्या मार्चमध्ये गोपाळराव गेले, झोपेतच, मोतीबिंदू तसाच ठेवून. दहाव्याहून परत आले, ऑफिस उघडलं, आणि उभ्यानंच सही केली. तारीख त्या दिवशीची, खरी, घातली. कागद प्राचार्यांना दिला. ते म्हणाले, "आता याचा काय उपयोग?" आणि फाइलीला लावायला सांगितलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय? मी एक प्रत काढून घेतली आणि रविवारी माढ्याची एसटी धरली.

जोतीराम अंगणात होते. सृष्टी घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मला बघून जागच्या जागी थांबली. मी कागद जोतीरामांच्या हातात दिला आणि तोंडानंही सांगितलं, सगळं, फाइलीपासून किल्लीपर्यंत. ते एकेक अक्षर लावत वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी कागद शेजारी ठेवला.

"मंजी पोरगी खरं बोलत हुती," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पोरीकडं बघायचा प्रयत्न केला, पण त्यांना बघवेना. उठून ते गोठ्याकडं गेले, आणि तिथून त्यांच्या रडण्याचा आवाज आला. उंच माणूस, लहान पोरासारखा रडत होता.

सृष्टीनं कागद उचलला. तिनं तो एकदाच वाचला, पटकन, फलकावरची सूचना वाचावी तसा. खालची सही बघून म्हणाली, "ह्ये सरांचं अक्षर हाय. सरांना ठावं हुतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग त्या दिवशी आप्पांच्या म्होरं सर गप का बसले?"

"ते माझी वाट बघत होते," मी म्हणाले. "मी आपण होऊन सांगावं म्हणून."

तिनं कागदाची नीट घडी घातली. रागावेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाज चढलाही नाही.

"माजा अर्जबी त्यांनी असाच ठिवला हुता की," ती म्हणाली, आणि तांब्या माझ्यापुढं ठेवून बापाकडं गेली.